तीन दगडांशिवाय

नर्मदाच्या हातून आयुष्यात बऱ्याच चुका झाल्या. भलत्या माणसावर विश्वास ठेवला, पावसाचा रंग दिसत असताना मासळी सुकत घातली, एकदा तर चुकीच्या एसटीत बसून थेट इन्सुलीच्या नाक्यापर्यंत जाऊन आली. त्यातली कुठलीच तिच्या मनाला लागून राहिली नाही. लागून राहिली ती एकच, आणि ती तिने चांगल्या मनाने केली होती. शेजारच्या घरी तिने पेजेचा टोप नेऊन दिला.

फयान वादळ आलं त्या साली, २००९ च्या नोव्हेंबरातली ही गोष्ट. नर्मदा तेव्हा छप्पन्न वर्षांची. तारकर्लीला समुद्राच्या अंगाला चिऱ्याचं दोन खोल्यांचं घर आणि त्यात ती एकटी. मुलगी कणकवलीला दिलेली. नवरा रामचंद्र आगबोटीवर स्वयंपाकी होता. नोकरी सुटल्यावर गावी आला आणि माडी पिऊन पिऊन १९९८ साली गेला. त्याचे दिवस झाले, आणि दुसऱ्या सकाळी नर्मदा वाडीतल्या महापुरुषाच्या पारावर गेली. नारळ ठेवला आणि बोलली, आजपासून माडीचा थेंब माझ्या उंबरठ्याच्या आत येणार नाही आणि माझ्या हाताला लागणार नाही. बोलली ते पाळलं. कुणाच्या घरी माडी घालून सांदणं केलेली असली तर ती ताटातली बाजूला सारायची. अकरा वर्षं झाली होती त्याला.

शेजारचं घर सत्यवतीचं. दोन घरांमध्ये झावळ्यांचं कुंपण, तेही गुडघ्याएवढं. सत्यवतीचा मुलगा निकेत ट्रॉलरवर खलाशी. सून दिव्या बावीस वर्षांची, सातव्या महिन्यातली. पहिल्या महिन्यापासून तिच्या पोटात चहा आणि पाव सोडून धड काही ठरत नव्हतं. मालवणहून रोज सकाळी पाववाला गाडीवरून पोंपों करत यायचा, आणि पोट सांभाळत दिव्या फाटकाशी उभी असायची. सत्यवती म्हणायची, "नातू होतलो तो बेकरीतच कामाक लागतलो."

निकेत सोमवारी बोटीवर गेला. बोट चालवणारा तांडेल धरून सहा माणसं. मंगळवारी वारा सुरू झाला आणि बुधवारी त्याने कुणाचं काही ठेवलं नाही. माड वाकायचे ते परत उभे राहायचेच नाहीत. नर्मदाच्या घराची मागच्या बाजूची कौलं गेली, विजेचे खांब आडवे झाले, मोबाईल गप्प झाले. गुरुवारी सकाळी वारा पडला तेव्हा किनाऱ्यावर सगळी माणसं समुद्राकडे बघत उभी होती. दुपारपर्यंत एकेक खबर आली. कोण देवगडच्या बंदरात शिरला, कोण निवतीला लागला. निकेतच्या ट्रॉलरची मात्र काही खबर नव्हती.

पण टोपाची गोष्ट त्याच्या आधीची, सकाळची. नर्मदा चूल पेटवून पेज शिजवत होती. सहज शेजारी बघितलं तर सत्यवतीच्या कौलांतून धूर नाही. आठ वाजून गेले, तरी नाही. पोटुशी पोर उपाशी असेल, सासूचं मन जाग्यावर नसेल, एवढंच तिच्या डोक्यात आलं. तिने ॲल्युमिनियमचा टोप भरून पेज घेतली, वर भाजलेला खारा बांगडा ठेवला आणि कुंपण ओलांडून गेली.

आता या किनाऱ्यावर एक रीत आहे. ज्या घरातलं माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही. शेजारून पेज येते. कुणी सांगावं लागत नाही, कुणी विचारत नाही. पेज आली की काय ते घराला कळतं. नर्मदाने स्वतः अशी पेज कितीतरी घरी नेली होती, तिच्या घरीही आली होती. तरी त्या सकाळी हे तिच्या डोक्यात आलं नाही ते नाहीच.

दिव्या पडवीत उभी होती. तिने टोपाकडे बघितलं.

"ह्या काय?"

"पेज गो. गरम आसा. बांगडो पण भाजलंय."

"कोणी सांगल्यान तुमका?"

"काय?"

"तो गेलो म्हणान कोणी सांगल्यान?"

नर्मदाच्या हातातला टोप जड झाला. तिला तेव्हा कळलं. "नाय गो, तसा नाय. धूर दिसलो नाय म्हणान..."

"माझो घोव जित्तो आसा!" दिव्या एवढ्याने ओरडली की वाटेवरची माणसं थांबली. "शेजारची पेज हाडतास? माझ्या दारात?" आणि तिने टोप हिसकावून अंगणात फेकला. तो दगडी पायरीवर आपटला, त्याला पोचा पडला. पेज अंगणभर झाली, बांगडा कावळ्याने नेला.

तेवढ्यावर राहिलं असतं तर बरं होतं. पण दिव्या तशीच तुळशीपाशी गेली, वृंदावनावर हात ठेवला आणि आण घेतली. तो या दारात परत येईपर्यंत चुलीवर शिजलेला एक घास तोंडात घालणार नाही. "आमच्या चुलीरचो नाय, तुमच्या चुलीरचो नाय, खंयच्याच चुलीरचो नाय!"

सत्यवतीने कपाळाला हात लावला. "नर्मदे, तू येवढी शानी बायल. तुका येवढा कळाक नाय?"

नर्मदा पोचा पडलेला टोप उचलून घरी आली.

आण म्हणजे आण. गुरुवारी दिव्याने शहाळ्याचं पाणी प्यायलं. पडलेल्या माडांमुळे शहाळ्यांना तोटा नव्हता. केळी खाल्ली. सत्यवतीने पोहे नुसते भिजवून दिले, ते उलटून पडले. दुकानातली बिस्किटं वादळाच्या आदल्या दिवशीच संपली होती. राहिला पाव. पण पाववाला कुठून येणार? मालवणच्या रस्त्यावर जागोजागी माड आणि खांब पडलेले. निकेतचा चुलतभाऊ रविराज ट्रॉलरची खबर काढायला चालत मालवणला जाऊन आला, तो सांगत आला की बेकरीच्या भट्टीवरच माड पडलाय, धुराडं खाली आलंय, आठ दिवस पाव विसरा.

शुक्रवारी सकाळी आरोग्य केंद्रातली नर्स पायी आली. दिव्याचा रक्तदाब बघितला, पोटाला हात लावून बघितला आणि सासूला बाहेर घेऊन गेली. कुंपणापलीकडे नर्मदा कौलांचे तुकडे वेचत होती, तिला सगळं ऐकू आलं.

"पोटात अन्न नाही हिच्या. असंच राहिलं तर कळा आत्ताच सुरू होतील. सातवा महिना आहे. आणि सुरू झाल्या तर न्यायचं कसं? गाडी येत नाही, फोन लागत नाही. काहीही करा, पण तिला खायला घाला."

"खाणा नाय ओ. आण घेतल्यान."

"मग आण सोडवा."

नर्स शिकलेली होती, कुठल्यातरी घाटावरच्या गावची. आण अशी कुणी सांगून सुटत नाही हे तिला कोण समजावणार. नर्मदाने कौलं खाली ठेवली, हात पुसले आणि दिव्याच्या खिडकीपाशी गेली. आत दिव्या भिंतीकडे तोंड करून निजली होती.

"दिव्या, भट्टीचो पाव खाशीत?"

भिंतीकडे बघतच दिव्या म्हणाली, "भट्टी म्हणजे चूल न्हय. पाव खाईन. पण पाव खंय आसा?"

नर्मदाला तेवढंच पाहिजे होतं.

घरी येऊन ती पायरीवर बसली आणि रामचंद्राला आठवू लागली. अकरा वर्षांत असं आपणहून तिने त्याला आठवलं नव्हतं. रामचंद्र प्यायला की एक गोष्ट हमखास सांगायचा. एडनच्या पुढे बोटीवरचा पाव भाजायचा ओव्हन फुटला. कप्तान पावाशिवाय जेवत नसे. मग म्हणे रामचंद्राने मोठ्या टोपात वाळू घातली, वाळूवर ताटली, ताटलीवर पावाचा डबा, वर झाकण, झाकणावर निखारे, आणि अकरा दिवस अख्ख्या बोटीला पाव खाऊ घातला. "अकरा दीस, नर्मदे! कप्तानान माझो हात हातात घेतल्यान!" ही गोष्ट तिने पन्नास वेळा तरी ऐकली असेल. एकावन्नाव्यांदा ती कानात बोटं घालून मागच्या दारी जाऊन बसली होती.

पण खोटी कशाला असेल? तिच्या माहेरी काकडीचा धोंडास असाच भाजत. खाली निखारे, झाकणावर निखारे. फक्त तो चुलीवर. आणि चूल तर इथे चालणार नव्हती. तीन दगड मांडले की चूल झाली, मग ती घरात मांडा नाहीतर रस्त्यावर. म्हणजे दगड नकोत. तिने फावडं घेतलं आणि अंगणातल्या वाळूत गुडघाभर खोल खड्डा काढायला घेतला.

मैदा होता. दिवाळीच्या करंज्यांतला दीड किलो उरलेला, डब्यात, कोरडा. गूळ होता, मीठ होतं. नव्हतं ते पीठ फुगवायचं औषध. ते बेकरीत असतं, वाडीत कुठे असणार. रामचंद्र सांगायचा, गोव्याकडे ते घालतच नाहीत, तिकडे पाव माडीवर फुगतो.

नर्मदा थोडा वेळ फावडं धरून उभी राहिली. मग ते खड्ड्यात टाकून धोंडूच्या घरी चालू लागली.

धोंडू माडी काढायचा. रामचंद्राला अखेरपर्यंत माडी पुरवली ती त्यानेच. अकरा वर्षं नर्मदा त्याच्या दारावरून जाताना मान वळवून जायची. तिला फाटकात बघून तो खाटेवरून उठलाच.

"वयनी? तुमी? माझ्या दारात?"

"माडी आसा?"

"कोणाक?"

"माका."

धोंडूने दोन्ही हात जोडले आणि वर बघितलं. "महापुरुषा, माड पाडलंस, खांब पाडलंस, ता समाजलंय. पण ह्या काय करतस?"

"शिरा पडो तुझ्या तोंडार. पिऊक नको माका. पाव फुगवूचो आसा." आणि तिने सगळं सांगितलं, पेजेच्या टोपासकट.

धोंडूचं हसू गेलं. "माझ्याकडे मंगळवारची आसा. आंबली असतली. ताजी खंयसून हाडू? मडकी सगळी फुटली." त्याने एक लहान कळशी भरली आणि तिच्यापुढे धरली. नर्मदाने ती घेतली नाही.

"तूच हाड. माझ्या उंबरठ्याच्या भायर ठेव."

धोंडूने तसं केलं. नर्मदाने परसातल्या कपडे धुवायच्या दगडावर परात ठेवून पीठ काढलं. धोंडूने माडी ओतली, तिने मळलं. उंबरठा तिने सांभाळला. हाताला मात्र लागली. पहिल्यांदा वास आला, त्या वासात रामचंद्राचं शेवटचं वर्ष होतं. ती मळत राहिली.

पहिला पाव साफ बिघडला. एक म्हणजे माडी जुनी. चार तास ठेवूनही पीठ होतं तेवढंच राहिलं. दुसरं म्हणजे टोपातली वाळू तिने दारासमोरची, समुद्राची घेतली. त्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. टोप तापला आणि आत फट्‌फट् आवाज सुरू झाले. सत्यवती धावत बाहेर आली, "कोण फटाके लावता गो मेला, माझो झील..." आणि खड्डा बघून गप्प झाली. तिसरं म्हणजे करवंट्या. नर्मदाने निखाऱ्यासाठी करवंट्या पेटवल्या, आणि करवंटी जळते ती अशी रागाने जळते की काही विचारू नका. झाकण काढलं तेव्हा खालून कोळसा, वरून कच्चं पीठ, आणि कडेला शिंपल्याचे कपचे रुतलेले.

धोंडूने तो गोळा हातात घेऊन तोलून बघितला. "वयनी, हो पाव न्हय. हो नांगर. होडयेक बांधा."

नर्मदाला हसू आलं नाही. अर्धा मैदा संपला होता. अर्धा राहिला होता, म्हणजे एकदाच. पलीकडे खिडकीत दिव्याने पाणी मागितलं, त्या आवाजात काही दम नव्हता.

"धोंडू," ती म्हणाली, "ताजी माडी होई. उभो असलेलो एक तरी माड बघ."

"उभे आसत तीन-चार. पण हलतत ते. मुळां उघडी पडली."

"मगे नको चढूस."

"चढतंय," धोंडू म्हणाला. "रामचंद्राक माझ्या हातान माडी पाजलंय. येकदा तरी ती बऱ्या कामाक लागांदे." आणि तो निघून गेला. हे तो आधी कधी बोलला नव्हता. त्या दिवसापासून त्याच्या दारावरून जाताना नर्मदा मान वळवत नाही.

शनिवारी सकाळी त्याने शेरभर माडी आणली. पांढरी, गोडसर, बारीक फेस येत असलेली. नर्मदाने रात्री सगळा विचार करून ठेवला होता. वाळू खाडीकडची आणली, बारीक आणि शिंपल्याशिवायची, आणि आधी खड्ड्यातच तापवून कोरडी केली. करवंट्या बाजूला ठेवल्या आणि माळ्यावरची सोडणं, नारळाच्या बाहेरच्या साली, काढली. नारळाचं सोडण भडकत नाही, गपचूप धुमसत राहतं. पीठ माडी आणि गूळ घालून मळलं, वर केळीचं पान झाकलं आणि परात उन्हात ठेवली. मग तिथेच बसून राहिली, कोंबड्या हाकलत. अकराच्या सुमाराला पान हललं. तिला वाटलं वारा असेल. वारा नव्हता. खालून पीठ पानाला वर ढकलत होतं.

टोप कितपत तापला ते बघायला तिने फणसाचं सुकं पान आत टाकलं, झाकण लावलं आणि देवाचं नाव घेत मोजलं. अठ्ठावीस वेळा नाव घेऊन झालं तेव्हा पान तपकिरी झालं होतं, करपलं नव्हतं. बरं आहे. शंकरपाळ्यांच्या डब्याला तेल लावून त्यात पीठ घातलं, डबा ताटलीवर ठेवला, झाकण लावलं, झाकणावर सोडणांचे निखारे पसरले. आणि जपमाळ घेऊन बसली. रामचंद्र म्हणायचा, मध्येच उघडून बघणारा माणूस पाव खाऊ शकत नाही. घड्याळात बघत बसले तर उघडायचा मोह होईल, त्यापेक्षा आठ माळा जप. आठ माळा होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही.

पाचव्या माळेला वास सुटला. माडीचा नव्हे, पावाचा. सहाव्या माळेला कुंपणापाशी पाय वाजले.

दिव्या आली होती. तीन दिवसांत पहिल्यांदा घराबाहेर. एका हाताने सासूला धरलेलं, डोळे आत गेलेले, केस विंचरलेले नाहीत. नर्मदाने माळ थांबवली नाही, नुसती मान हलवली. दिव्या खड्ड्याच्या कडेला आली आणि वाकून बघू लागली.

"दगड खंय आसत?"

"नाय दगड."

"टोपाच्या खाली?"

"खाली सोडणां. आजूबाजूक वाळू. घे काठी, बघ."

सत्यवती म्हणाली, "गो, ती काय खोटा सांगतली?" पण दिव्याने काठी घेतलीच. टोपाच्या भोवतीने वाळूत खुपसून बघितली, एक बाजू, दुसरी बाजू. काठी कुठे अडली नाही. मग ती नाकाने वास घेत राहिली.

"माडी घातलास?"

"होय."

"कोणी मळल्यान?"

"मी."

दिव्याने तिच्या हातांकडे बघितलं. नर्मदाची आण वाडीत सगळ्यांना माहीत होती. दिव्या लग्न होऊन आली त्या वर्षीच सासूने तिला सांगून ठेवलं होतं, काकीच्या ताटात सांदणं वाढू नकोस.

"तुमची आण मोडली, काकी."

"मोडली." नर्मदाने माळ मांडीवर ठेवली. "माझी आण मी रागान घेतलेली. तुझी तू जिवान घेतलंस. माझी मोडली तर महापुरुष माझा काय ता बघून घेयत. तुझी मी मोडूक दिवचंय नाय. आणि पेज मीच हाडलेली. माझ्या ध्यानात येवक होया होता, इला नाय. चुकलंय मी."

दिव्या हळूच खाली वाळूत बसली, पाय लांब करून. "किती माळा रवल्यो?" तिने विचारलं.

"दोन."

"मगे करा. बोलत कित्या बसलास?"

आठ माळा झाल्या. नर्मदाने चिमट्याने निखारे बाजूला केले, झाकण उचललं. पाव एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला बसका झाला होता, समुद्रावर नांगरलेली होडी कलते तसा. तळ काळपट. पण वरून लालसर, आणि बोटाने दाबला तर परत वर आला. तिने तो केळीच्या पानावर पालथा केला आणि निवेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

चहा चुलीवरचा, म्हणून चहा नाही. नर्मदाने नारळ खवून त्याचा कच्चाच रस काढून ठेवला होता, त्यात गूळ. दिव्याने पावाचा तुकडा त्यात बुडवला. तिघं तिच्या तोंडाकडे बघत होती. धोंडू माडाला टेकून उभा होता, सत्यवती पदराची चुंबळ करत होती. तिने गिळला. थोडा वेळ गेला. उलटला नाही. दुसरा तुकडा घेतला.

"आंबट आसा," ती म्हणाली.

"माडयेचो आसा. आंबट नाय तर काय गोड असतलो?"

"बाजारचो बरो असता."

"शिरा पडो तुझ्या तोंडार. खा!"

धोंडू पहिला हसला. मग सत्यवतीही हसली, तोंडावर पदर धरून, आपण हसलो म्हणून घाबरल्यासारखी. दिव्याने अर्धा पाव संपवला. अर्धा पानात गुंडाळून संध्याकाळसाठी घरी नेला, कुणाला एक तुकडा दिला नाही.

रविवारी मैदा नव्हता, पण सकाळी कुंपणावर तीन डबे येऊन बसले होते. कुणाचा करंज्यांचा उरलेला, कुणाचा शंकरपाळ्यांचा, एकाचा तर किड्यांसकट. नर्मदाने चाळून घेतला आणि दुसरा पाव लावला. पीठ फुगेपर्यंत ती नारळ घेऊन पारावर गेली. गाऱ्हाणं घालायला तिला कुणी लागत नसे. ती आपलं आपणच घालायची, हळू आवाजात.

"बा महापुरुषा, आण मोडलंय. कित्या मोडलंय ता तू बघितलंस. माझा काय करूचा ता कर, पण त्या चेडवाचो घोव घराक हाड. होय म्हाराजा." दुसरं कुणी नव्हतं, म्हणून होय म्हाराजाही तिनेच म्हटलं.

त्याच दुपारी रविराज मालवणहून सायकल खांद्यावर घेऊन, पडलेल्या माडांवरून उड्या मारत आला. कचेरीत निरोप आला होता. इंजिन बंद पडून वाहत गेलेला ट्रॉलर जयगडच्या खाडीत सापडला. सहाही माणसं होती. तांडेलाचा पाय मोडला होता, बाकी सगळे चालते-बोलते. वाडीतली माणसं या निरोपाचा नर्मदाच्या गाऱ्हाण्याशी संबंध लावतात. ती स्वतः लावत नाही. निरोप निघाला तो शनिवारीच, गाऱ्हाणं घातलं ते रविवारी, असं ती म्हणते. फार विचारलं तर म्हणते, देवाक घड्याळ नसता म्हणा, आणि कामाला लागते.

सत्यवतीने निरोप ऐकल्याबरोबर चूल पेटवली. दिव्याने मात्र पावच खाल्ला. "निरोप इलो. तो खंय इलो? दारात येवंदे."

तो सोमवारी संध्याकाळी आला. कुणाच्या ट्रकमधून कणकवलीपर्यंत, पुढे मालवणपर्यंत एसटीने, तिथून चालत. अंगावर दुसऱ्या कुणाचा तरी शर्ट, ओठ मिठाने फुटलेले. सत्यवतीने दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. वाडी अंगणात गोळा झाली. दिव्या पडवीत खांबाला धरून उभी होती, ती पुढे झाली नाही, त्याचा पाय उंबरठ्याच्या आत पडलेला बघितला तेव्हाच तिने खांब सोडला.

"जेवाक काय आसा?" निकेतने विचारलं. सगळे हसले.

नर्मदा कुंपणाच्या आपल्या बाजूला उभी होती. पलीकडे गेली नव्हती. त्या अंगणात तिचं पाऊल पडलं की काय होतं ते एकदा झालं होतं, आता चांगल्या दिवशी नको, असं तिला वाटत होतं. सत्यवती भात वाढायला घेणार, तेवढ्यात दिव्या बाहेर आली आणि कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

"काकी, पेज आसा?"

नर्मदाला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय?"

"पेज. तुमच्या चुलीची. आण सुटली ना माझी? मगे पयलो घास ताच खातलंय. त्या दिसाक उडयलंय ती." मग जरा थांबून, खाली बघत, "बांगडो पण हाडा. तो कावळ्यान खाल्ल्यान."

नर्मदाकडे सकाळची पेज होती, थंड झालेली. तिने ती चुलीवर तापवली. बांगडा भाजला. दुसरे टोप होते घरात, चांगले होते. पण तिने पोचा पडलेलाच घेतला, त्यात पेज ओतली आणि कुंपण ओलांडून गेली. पडवीतल्या बायकांचं बोलणं एकदम थांबलं. पेजेचा टोप घेऊन शेजारीण दारात, हे बघायची सवय सगळ्यांना एकाच प्रसंगी. दिव्याने पुढे होऊन टोप दोन्ही हातांनी घेतला आणि निकेतच्या शेजारी बसून दोन वाट्या पेज प्यायली. तिसरी निकेतने ओढून घेतली.

"आणि तो पाव खंय आसा?" तो तोंड भरून म्हणाला. "मालवणपासून सगळो रस्तो आयकत इलंय, पाव, पाव."

"संपलो," नर्मदा म्हणाली. "रस्तो मोकळो झालो काय बेकरीचो येतलो. तो खा."

दुसऱ्या दिवशी तिने खड्डा बुजवला. टोपाचा पोचा मात्र ठोकून घेतला नाही. अजून त्याच टोपात ती पेज शिजवते. फक्त कुणाच्या घरी नेताना, आठ वाजून गेले आणि धूर नसला तरी, आधी हाक मारून विचारते.